आनंदीबाई आपल्याच!

हल्ली प्रत्येक कुळाला एक कर्तबगार स्त्री लागते. पूर्वी लागत नसे. पूर्वी कुलवृत्तांत म्हणजे पुरुषांची शिरगणती. मूळ पुरुष कोण, तो कुठून उठून कुठे आला, त्याला मुलगे किती, त्यातला कोण सरदाराच्या पदरी राहिला, कोण कचेरीत चिकटला, कोण ‘निपुत्रिक वारला’ आणि कोण नुसताच ‘परागंदा झाला’. बायका त्यात असत, नाही असे नाही. ‘भार्या’ असे लिहून पुढे नाव. नाव आठवले नाही तर टिंबे. मुलींचा हिशेब घाऊक: ‘कन्या ३’. त्या तिघी कुठे पडल्या, जगल्या की गेल्या, हे ज्याचे त्याने शोधावे.

आमच्या सासरच्या जोश्यांचा पहिला कुलवृत्तांत असाच होता आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. दुसरी आवृत्ती काढायचे ठरले आणि घात झाला. पुण्याच्या एका पुतणीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या पानांचे फोटो टाकून विचारले, “सात पिढ्या नुसते पुरुषच? मग आपण झालो कसे?” थोरल्या काकांनी यावर हात जोडलेले चित्र टाकले, धाकट्या काकांनी सुविचार टाकला, आणि संध्याकाळपर्यंत समितीचा ठराव झाला की, नव्या आवृत्तीत ‘आपल्या कुळातील एकोणिसाव्या शतकातील कर्तबगार स्त्री’ असे एक स्वतंत्र पान राहील. एक पान, एक स्त्री. शतकसुद्धा ठरवून दिले, कारण विसाव्या शतकातली घेतली तर तिच्या सुना हयात आहेत आणि त्यांचे मत वेगळे पडते.

काम माझ्याकडे आले. मी शाळेत इतिहास शिकवत होते हे एक कारण सांगण्यात आले. दुसरे कारण सांगण्यात आले नाही, पण समितीत मी एकटीच बाई होते आणि तीही चहाच्या सोयीसाठी.

आमचे मूळ घर सवला. महाडपासून जवळ, सावित्रीच्या काठी. गावाची कीर्ती गरम पाण्याच्या कुंडांची; खरूज-नायट्यापासून सांधेदुखीपर्यंतच्या तक्रारी घेऊन लोक तिथे येऊन बसतात. समितीच्या बैठकाही सवलाच होतात, कारण निम्म्या समितीचे गुडघे धरलेले आहेत. आधी कुंड, मग पोहे, मग इतिहास.

इतिहासाला आमच्या भागात तोटा नाही. माझे माहेर पोलादपूरचे. त्या तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव, त्यामुळे ज्याचा पूर्वज सिंहगडावर चढला नव्हता असा माणूस पोलादपुरात भेटणे कठीण. इकडे महाड तालुक्यात तर खुद्द रायगडच. नाते गावी १८९६ साली सी. डी. देशमुख जन्मले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. तेव्हापासून नात्याच्या पंचक्रोशीत प्रत्येकाला आपला हिशेब पक्का आहे असे वाटते. आणि १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. “त्या दिवशी आमचे आजोबा तळ्यावर होते” असे सांगणारी घरे महाडात अजून पुष्कळ आहेत. कोणत्या बाजूने होते, हे विचारायचे नसते.

बायका मात्र मोजक्या. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, पण जिजाऊंशी नाते सांगण्याइतका धीर आमच्या समितीतही नाही. मग हिरकणी. तिला आडनाव नाही, तेव्हा ती कोणालाही घेता आली असती; पण ती पडली गवळण आणि समितीला हवी होती ‘आपल्यातली’. शिवाय शतक चुकत होते. शतकात बसणारी रायगडावरची बाई एकच सापडली: दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणशीबाई. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरने रायगडावर तोफा डागल्या, तेव्हा ती गडावर होती. गड पडल्यावर इंग्रजांनी तिला सन्मानाने जाऊ दिले. धाकटे काका खूश झाले. पेशवीण मिळत असेल तर सोडायची कशाला? पण नवरा मुलूखभर पळतो आहे आणि बायको जळत्या गडावर बसली आहे, हे कुलवृत्तांतात छापले तर पुरुषांच्या पानांवर काय परिणाम होईल, असा प्रश्न थोरल्या काकांनी काढला आणि पेशवीणबाई पोह्यांच्या बशांबरोबर आत गेल्या.

तेवढ्यात ओटीवरच्या झोपाळ्यावरून आत्या म्हणाल्या, “अरे, एवढं काय शोधताय? आनंदीबाई आपल्याच की.”

आत्या म्हणजे ह्यांच्या आत्या. पंच्याऐंशी ओलांडलेल्या, कान शाबूत, शब्द धारदार. “कोण आनंदीबाई?” या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, माझ्या इतिहासाच्या पदवीवरची शाई वाळली आहे की नाही अशी मला शंका आली. “डॉक्टरीण. अमेरिकेला गेलेली. जोशी. आपण कोण? जोशी.”

पुरावा क्रमांक एक झाला. पुरावा क्रमांक दोन म्हणून पुतणीने मोबाइलवर १८८५ सालचा तो प्रसिद्ध फोटो काढून दिला. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या तीन परदेशी विद्यार्थिनी: आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आत्यांनी मोबाइल नाकाला टेकवून पाहिला आणि जाहीर केले, “नाक बघा. आपलंच आहे.” समितीतल्या सगळ्यांनी आपापले नाक चाचपले. ठराव एकमताने मंजूर.

आता आडनावावरून नाते जुळवायचे म्हटले तर महाराष्ट्रात गावागणिक पंचांग सांगणारा एक जोशी होता आणि त्या सगळ्यांचे वंशज आज कर्वेनगरात राहतात. पण हे समितीला सांगून उपयोग नव्हता. मी पुस्तके गोळा केली. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी १८८८ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभरात लिहिलेले चरित्र. काशीबाई कानिटकरांचे चरित्र, त्यात आनंदीबाईंची पत्रे. अंजली कीर्तने यांचे अलीकडचे, भल्यामोठ्या कष्टाचे पुस्तक. समितीला पुस्तकांची जाडी दाखवली तेव्हा थोरले काका म्हणाले, “एवढं मोठं नको. अर्ध्या पानात बसवायचंय, वर फोटो आहे.”

जन्मापासूनच अडचण. तारीख ३१ मार्च १८६५, यावर तंटा नाही. पण जन्मस्थळ पुणे म्हणणारे पुणे म्हणतात, कल्याण म्हणणारे कल्याण. माहेर कल्याणचे, नाव यमुना. वडील गणपतराव जोशी. नवव्या वर्षी लग्न झाले ते गोपाळराव जोश्यांशी. बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून. यमुनेची आनंदी झाली. म्हणजे बाई माहेरच्याही जोशी आणि सासरच्याही जोशी. मी हे सांगितले ते अशासाठी की, ही दोन्ही घराणी कल्याण आणि संगमनेरची, तिसऱ्या सवच्या जोश्यांचा तिथे शिरकाव नाही. समितीने ते असे ऐकले की, दोन्हीकडून जोशी, तेव्हा नाते दुप्पट.

पुढे तर मीच त्यांच्या हाती कोलीत दिले. गोपाळरावांच्या बदल्या होत. कल्याणहून अलिबाग, मग कोल्हापूर, भूज, कलकत्ता. ‘अलिबाग’ म्हणताच धाकटे काका उठून उभे राहिले. “म्हणजे आपल्याच जिल्ह्यात!” जिल्हा एक, आडनाव एक, नाक एक. त्यांच्या मते कोर्टात एवढ्यावर जमीन मिळते.

समितीचा उत्साह गोपाळरावांपाशी येऊन मात्र थबकला. कर्तबगार स्त्री घ्यायची तर तिच्याबरोबर तिचा नवरा येतो आणि हा नवरा कुठल्याच कुलवृत्तांतात बसेना. लग्न करताना अट काय, तर मुलगी शिकवीन. ते ठीक. पुढे काय, तर अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून मारणारा. “स्वयंपाक केला म्हणून मारलं?” आत्यांनी झोपाळा थांबवला. त्यांच्या पंच्याऐंशी वर्षांत नवरे स्वयंपाकावरून चिडलेले त्यांनी ढिगाने पाहिले होते, पण कारण नेहमी उलट असे. इथे मी गंमत थांबवली, कारण आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात या माराचा हिशेब मांडला आहे. कोणत्या वयात काय फेकून मारले ते वयानुसार. लहान वयात लाकडाचे तुकडे, मग पुस्तके, खुर्च्या. आणि त्याच पत्रात त्याच्या उपकारांची जाणीवही आहे. असले पत्र अर्ध्या पानात कसे बसवणार?

बरे, नवऱ्याचा खटाटोप पाहा. या पोस्टाच्या कारकुनाने एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले की, बायकोला शिकवायचे आहे, तुमच्याकडे सोय होईल का? मिशनऱ्याने ते आपल्या मासिकात छापले आणि उत्तर दिले की, आधी ख्रिस्ती व्हा. विषय तिथेच संपायचा. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या आणि तिथे पडलेले ते मासिक त्यांनी चाळले. महाडलाही दाताच्या डॉक्टरकडे मासिके असतात, पण ती मधुमेहावरची. त्यातून कोणाचे भाग्य उजळल्याचे ऐकिवात नाही. कार्पेंटरबाईंनी पत्र लिहिले, इकडून उत्तर गेले, पत्रांची ये-जा सुरू झाली आणि आनंदी त्यांना ‘मावशी’ म्हणू लागली.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचे तिने इथे ठरवले. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, तिने इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेला का जातो आहोत हे लोकांना सांगितले. एप्रिलमध्ये बोटीत बसली. नवरा मागे. ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. झाली. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई गेल्या होत्या आणि त्या तर आनंदीबाईंच्या नात्यातल्याच. ही ओळ मी वाचली मात्र, धाकट्या काकांनी पेन उघडले. म्हणजे रमाबाईसुद्धा! मी म्हटले, काका, रमाबाई ख्रिस्ती झाल्या. पेन बंद झाले.

आता चहाचे प्रकरण. १८९० साली, आनंदीबाई जाऊन तीन वर्षे झाल्यावर, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. मोठमोठी मंडळी जमली होती. चहा आला. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरून बसले. मिशनमधला चहा म्हणजे धर्मच बुडाला, पण चारचौघांत नाही कसे म्हणायचे? हा सगळा घाट घालणारे होते गोपाळराव जोशी. आणि मग या गृहस्थांनी काय करावे? उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे, त्यात टिळक. पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. एका कपाच्या चहावर इतका धर्मशास्त्राचा ऊहापोह भारतवर्षात आधी झाला नसेल.

हे ऐकून समितीत शांतता पसरली. मग थोरले काका हळू आवाजात म्हणाले, “जावई नको.”

“जावई कसला? तोच जोशी. तो काढला तर त्या कुठल्या आपल्या?”

“तू बाईंचं लिही. ह्याला जागेअभावी वगळ.”

जागेअभावी! ज्याच्या पत्रामुळे सगळे घडले, त्याला जागा नाही. आणि जो समाज ती रस्त्याने चालली की हसला, थुंकला, टोमणे मारत राहिला, तो समाज आता फोटोखाली ‘आपल्या कुळाचे भूषण’ म्हणून ओळ लिहायला बसला होता. तिला शिव्या देणाऱ्यांची नातवंडे कुठल्याच घराण्यात सापडत नाहीत, हे एक नवलच आहे. गेली असतील बहुतेक निपुत्रिक.

शुक्र ग्रहावर एका विवराला आनंदीबाईंचे जोशी हे नाव आहे, हे पुतणीने शोधून काढले. आत्यांनी विचारले, “तिथला सातबारा कोणाच्या नावावर आहे?” हा प्रश्न थट्टेत घेतला गेला, पण मी आत्यांना ओळखते.

शेवटी मी समितीला कागद वाचून दाखवला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई क्षयाने गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डची जागा त्यांना मिळाली होती, तिथे त्या रुजूही होऊ शकल्या नाहीत. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर घराण्याच्या जागेत, त्यांचा दगड आहे. तेव्हा कुलवृत्तांतात नाव घालण्याचा हक्क कोणाचा असेलच तर तो कार्पेंटरांचा. ‘मावशी’ या नात्याला आधार पोस्टाच्या तिकिटाचा, पण जागा दिली ती त्यांनीच.

यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग धाकटे काका म्हणाले, “कार्पेंटर म्हणजे सुतारच ना?” आणि विषय भलतीकडे गेला.

मला मात्र दुसरेच खटकत होते. कल्याणची एक मुलगी, तिची पत्रे छापलेली, तिचा अर्ज, तिचा प्रबंध, तिचे फोटो फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात व्यवस्थित ठेवलेले. सवला बसून मोबाइलवर दिसतात. आणि ज्या घरात आम्ही बसलो होतो ते जिने सांभाळले, ती ह्यांची खापरपणजी, आनंदीबाईंच्याच वयाची, तिचे नाव काय? मी विचारले. थोरले काका म्हणाले, “आम्ही तिला नुसतं पणजीच म्हणायचो, नाव कोण घेणार?” आत्यांना एवढेच माहीत की, ती फार करारी होती आणि तिने एकदा खोताच्या माणसाला अंगणातून हाकलले होते. कशावरून, ते माहीत नाही. धाकट्या काकांच्या मते खोताच्या माणसाला हाकलणारे पणजोबा होते, बाई नुसती दारात उभी होती.

मग मी तिच्या मागे लागले. समितीला न विचारता.

कागद आधी. महाडच्या पेठेतल्या घराच्या माळ्यावर एक पेटी होती, त्यात जुने दस्तऐवज, पत्रिका, मोडीतले हिशेब. माळ्यावर एवढ्यासाठी की, पुराचे पाणी तिथवर येत नाही. २२ जुलै २०२१ ला आले. पेटी उघडली तेव्हा आत कागद नव्हते, काळपट लगदा होता, आणि त्यात एक पत्रिकेची गुंडाळी कडेकडेने शिल्लक होती. ती वाळवून उलगडली तर वाचता येण्याजोगे एवढेच उरले होते की, कोणाच्या तरी भार्येस कन्यारत्न झाले. नवऱ्याचे नाव स्पष्ट, भार्येचे नाही, कन्येचे तर मुळीच नाही. सावित्रीने सुद्धा काय पुसायचे आणि काय ठेवायचे ते बरोबर हेरले होते.

मग एक सरकारी कचेरी. २०२३ पासून महाराष्ट्रात अर्धा समाज खापरपणजोबांच्या मागावर आहे. कुणबी नोंदींसाठी जुनी कोतवाल बुके, गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूच्या वह्या धुळीतून बाहेर आल्या, आणि मोडी वाचणाऱ्याला आमच्याकडे लग्नातल्या भटजीइतकी मागणी आली. रांगेत माझ्या पुढे-मागे सगळे वंशावळी घेऊन उभे. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, खाली बाण, बाणाखाली बाण. कोणाच्याही कागदावर एकही बाई नाही. दाखल्यासाठी लागतच नाही, रक्त म्हणे बापाकडूनच चालते. माझी पाळी आली. मी म्हटले, “खापरपणजीची नोंद हवी आहे.” टेबलामागच्या माणसाने चष्मा काढला. “कशाला?” “नाव पाहिजे.” “बाईच्या नोंदीचा उपयोग होत नाही, ताई.” ते वाईट हेतूने बोलले नाहीत. पंधरा मिनिटे स्वतः वही चाळून त्यांनी मला दाखवले: ‘अमुकची बायको’, ‘तमुकची आई’, ‘मयत ढमुकची विधवा’. जमिनीच्या कागदावर सुद्धा बाईचे नाव चढायचे तर बहुधा आधी नवऱ्याने जावे लागते, मग वारस म्हणून फेरफार. रांगेतले एक गृहस्थ मागून म्हणाले, “म्हणजे बाईंना नाव कमवायचं तर मालकाचा त्याग करावा लागतो.” सगळे हसले. मीही हसले; पुढचा नंबर त्यांचाच होता.

शेवटी उपयोगी पडले ते घरचे गुरुजी. श्राद्धात बापाच्या बाजूला आई, आजी, पणजीची नावे उच्चारावी लागतात: माता, पितामही, प्रपितामही. म्हणजे ज्या घराला बायकांची नावे आठवत नाहीत, त्या घराच्या बायकांची नावे भाद्रपदात कोणीतरी मोठ्याने घेत असतो. गुरुजींकडे त्यांच्या आजोबांपासूनची लांबट वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडांना तुपाचे बोट लागून पाने पारदर्शक झालेली. त्यांनी बोटाला थुंकी लावून पान काढले. ‘जोशी, सव’. खाली घरातल्या बायका, पिढीवार. गुरुजी म्हणाले, “चौथ्या पिढीला पिंड नाही, नुसता हात पुसायचा दर्भावर. म्हणून पुढे पुढे नावं खोडतात.” खोडली होती, पण आजोबांचा हात हलका होता. खोडीखाली वाचता आले: लक्ष्मी.

घरी येऊन मी जाहीर केले आणि गोंधळ आणखी वाढला. कारण पणजीच्या सासूचे नाव लक्ष्मी, आणि पणजीच्या सुनेचेही लक्ष्मी. लग्नात सुनेचे नाव बदलायचे आणि बदलताना घरातली जुनी नावेच फिरवायची, ही आमच्याकडची रीत. पहिल्या कुलवृत्तांतात या दोघींची एकच लक्ष्मी करून टाकली होती. त्यामुळे त्या पुस्तकाप्रमाणे आमच्या घरात एक लक्ष्मीबाई एकशे दहा वर्षे जगली, दोन नवऱ्यांशी संसार केला, आणि पहिल्या व शेवटच्या बाळंतपणात तिने अठ्ठावन्न वर्षांचे अंतर ठेवले. एकोणिसाव्या शतकातली एवढी कर्तबगार स्त्री घरात असताना समिती कल्याणपर्यंत का गेली, हे मला समजेना.

पुरावा म्हणून मी माळ्यावरचे तांब्याचे तपेले काढले. पूर गेल्यावर चिंच लावून घासताना त्याच्या काठावर हाताने कोरलेली अक्षरे दिसली होती: ‘ल. जोशी, सव’. मी म्हटले, लक्ष्मी. धाकटे काका म्हणाले, लक्ष्मण. लक्ष्मण नावाचे एक चुलत खापरपणजोबा होते. मी म्हटले, तपेले आहे, काका. त्यात पाणी तापवायची ती, भात शिजवायची ती, घासायची ती. ते म्हणाले, “वापरायची ती असेल. नाव मालकाचंच असणार.” ठराव: ‘ल.’ म्हणजे लक्ष्मण. आत्यांनी विरुद्ध मत दिले, पण समितीत आत्यांना मत नाही, झोपाळा आहे.

पान अखेर छापायला गेले. वर आनंदीबाईंचा फोटो, केई आणि सबात कापून काढलेल्या, कारण त्या आपल्यातल्या नाहीत. खाली मजकूर अर्धे पान. गोपाळराव जागेअभावी नाहीत. नात्याच्या रकान्यात मी ‘नाही’ असे लिहिले होते, ते समितीने बदलून ‘संशोधन चालू’ केले. लक्ष्मीबाईंना पान मिळाले नाही, पण वंशवृक्षात दोन लक्ष्म्या वेगळ्या करायला थोरले काका तयार झाले. अठ्ठावन्न वर्षांचे ते अंतर त्यांना तोवर कोणी मोजून दाखवले नव्हते.

शेवटच्या बैठकीचा वृत्तांत लिहायचे काम माझ्याकडेच आले. मी उपस्थितांची नावे लिहिली. मग ‘चहा कोणी घेतला’ असा एक रकाना आखला आणि त्यात सगळे काका, ह्यांच्यासकट. त्याच्या शेजारी ‘चहा कोणी केला’ असा दुसरा रकाना आखला आणि त्यात धाकट्या काकू, दोन्ही जावा, मोलाने काम करणारी बाई आणि मी, प्रत्येकीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, आईचे नाव आणि गाव घालून. ग्रुपवर टाकले आणि फोन उलटा ठेवून कुंडावर निघून गेले.

परत येऊन पाहते तर ग्रामण्य उभे राहिलेले. वृत्तांताला असा रकाना कोणत्या नियमाने घातला, अशी थोरल्या काकांची लेखी विचारणा होती. नियम पोस्टातल्या गोपाळराव जोश्यांचा आहे, असे कळवले. त्याखाली आत्यांनी पुतणीकडून लिहून घेतले होते: “माझं नाव राहिलं. साखर मी घातली.”